आतडी चिकटल्यामुळे कायमची पोटदुखी – फिजिओथेरपी कुणी करून बघितलीय का?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा मात्र पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी सांगलीची. कॉलेजात असताना माझं अपेंडिक्स फुटलं होतं, पोटात पू झाला, तेव्हा पोट उघडून सगळं धुवून काढलं होतं. नंतर काही वर्षांनी सिझर. सिझरनंतर वर्षा-दीड वर्षात उजव्या बाजूला बेंबीच्या खाली ओढ लागल्यासारखं दुखायला सुरुवात झाली ती आजतागायत आहे. जेवणानंतर वाढतं, अंग ताणून वरच्या फडताळातला डबा काढायला गेलं की आतून कुणीतरी खेचल्यासारखं होतं, पाळीच्या आधी जास्त, लांबचा प्रवास केला की जास्त. सोनोग्राफी नॉर्मल, सीटी नॉर्मल, दोन्हीकडून नळ्या घालून बघून झालं तेही नॉर्मल. गॅसच्या गोळ्या झाल्या, आयबीएस, म्हणजे आतडं हळवं झालंय, म्हणून झालं, मग "मनावर घेऊ नका" पण ऐकून झालं. शेवटी एका सर्जननी दुर्बिणीतून बघितलं तेव्हा लहान आतडं पोटाच्या भिंतीला जुन्या टाक्याच्या मागे चिकटलेलं निघालं. त्यांनी सोडवलं. काही महिने खरंच बरं वाटलं, मला वाटलं सुटले एकदाची. आणि मग हळूहळू तेच दुखणं त्याच जागी परत.

आता एक डॉक्टर म्हणतात परत दुर्बिणीतून सोडवू. दुसरे म्हणतात अजिबात नको, प्रत्येक ऑपरेशन नव्याने चिकटवतं, त्यापेक्षा फिजिओथेरपी करा. मला फिजिओ म्हणजे गुडघा, खांदा, फार तर कंबर एवढंच माहीत. पोटाच्या आत चिकटलेल्या आतड्याला बाहेरून काय करणार? पण परत एकदा भूल घ्यायची मनाची तयारी नाही हेही खरं. कुणी केलंय का? नेमकं काय करतात? फरक पडला का? धोका काही? अगदी बारीकसारीक असलं तरी सांगा, मला सगळं वाचायचंय.

निळाई

कृष्णाकाठ ताई, मनापासून जवळचं वाटलं वाचून. माझं एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो आजार), दोनदा दुर्बिणीतून ऑपरेशन, अंडाशय आणि आतडं एकमेकांना चिकटलेलं. "रिपोर्ट नॉर्मल आहेत मग दुखतं कसं" हे वाक्य मी घरच्यांकडून, बाहेरच्यांकडून इतकं ऐकलंय की शेवटी मी सांगणंच बंद केलं होतं.

पुण्यात ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या एका फिजिओकडे गेले. तिने पहिल्या भेटीत पोटाला हातही लावला नाही, नुसतं मला चालायला, बसायला, श्वास घ्यायला लावलं आणि म्हणाली तुम्ही पोट आवळून जगताय. खरंच होतं ते. दुखेल या धास्तीने मी पोट कायम आत ओढून धरायचे, श्वास गळ्यापाशीच, कंबर जरा वाकलेली. माझ्यासाठी सगळ्यात जास्त काम श्वासाने केलं. पाठीवर झोपून, गुडघे उभे, एक हात छातीवर एक पोटावर, श्वास घेताना पोट वर येऊ द्यायचं, सोडताना आपोआप खाली, जोर कुठेच नाही. वाचायला अगदी साधं वाटेल पण मला पोट वर येऊ देता येत नव्हतं, भीती वाटायची. ते जमायलाच कितीतरी दिवस गेले. करून बघा, हातचं काही जाणार नाही.

सुईदोरा

मी सर्जन आहे, विदर्भात काम करतो. थोडं मुळापासून सांगतो म्हणजे बाकीची चर्चा सोपी होईल.

पोटाच्या आतून आणि आतड्यांवरून एक पातळ, ओलसर, गुळगुळीत पडदा असतो, त्याच्यामुळे आतडी एकमेकांवरून सरकत राहतात. ऑपरेशनमध्ये हा पडदा खरवडला गेला, सुकला, पू किंवा रक्त साचलं, की काही तासांतच तिथे फायब्रिन तयार होतं, फणसाच्या चिकासारखं चिकट. निरोगी पडदा हे फायब्रिन पुढच्या काही दिवसांत स्वतःच विरघळवून टाकतो. पण दुखावलेल्या, रक्तपुरवठा कमी झालेल्या जागी ही विरघळवायची ताकद घटते, मग त्या चिकटात पेशी शिरतात, तंतू तयार होतात, रक्तवाहिन्या येतात आणि आठवड्याभरात त्याची पक्की पट्टी होते. पोटाच्या मोठ्या ओपन ऑपरेशननंतर १० पैकी ९ जणांमध्ये असं कमीजास्त चिकटतं. पण त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. हे लक्षात ठेवा कारण याचा अर्थ असा की चिकटलेलं सापडलं म्हणजे दुखणं त्याचंच असं शंभर टक्के म्हणता येत नाही. आणि दुसऱ्या बाजूने, या पट्ट्यांमध्ये संवेदना नेणारे मज्जातंतू असतात हे २००१ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून झालंय, त्यामुळे दुखणं मनाचं आहे असं कुणी म्हणालं तर तेही चूक.

साध्या सोनोग्राफीत आणि सीटीत या पट्ट्या सहसा दिसत नाहीत. सीटीत दिसतं ते आतडं फुगलं, वळलं, अडकलं तर. तुमचे रिपोर्ट नॉर्मल यायचं कारण हेच.

आता परत सोडवायच्या ऑपरेशनबद्दल. नेदरलँड्समधला एक अभ्यास २००३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. चिकटल्यामुळे पोट दुखणारे १०० पेशंट, सगळ्यांची दुर्बीण केली, त्यातल्या निम्म्यांचं चिकटलेलं सोडवलं, बाकीच्यांचं नुसतं बघून टाके घातले. कुणाचं काय केलं ते पेशंटला सांगितलं नव्हतं. वर्षभराने दोन्ही गटांना सारखंच बरं वाटत होतं. पुढे १२ वर्षांनी त्याच लोकांना गाठून विचारलं तेव्हा ज्यांचं सोडवलं होतं त्यांचीच स्थिती उलट जास्त वाईट निघाली, त्यांची पुढे ऑपरेशनंही जास्त झाली. शिवाय चिकटलेलं सोडवताना आतड्याला भोक पडायचा धोका असतो तो वेगळा. म्हणून नुसत्या दुखण्यासाठी मी आता हे ऑपरेशन करत नाही. आतडं अडकलं, जीवावर आलं, तर गोष्ट वेगळी, तिथे ऑपरेशनच वाचवतं.

टेकडीवरून

डॉक्टर, तुमचं पटलं. पण मग फिजिओचं तरी कसं पटायचं? माझ्या मिसेसचं असंच आहे, दोन सिझर आणि एक हर्निया. ऑपरेशन करून सोडवलेलं परत चिकटतं तर बाहेरून हाताने दाबून कसं सुटेल? एका ठिकाणी चौकशी केली तर त्यांनी सांगितलं "आम्ही आतले जाळे तोडतो" आणि पूर्ण पॅकेजचे पैसे आधी भरा. मी उठून आलो. मला खरंच समजून घ्यायचंय, कारण तिचे हाल बघवत नाहीत.

हातगुण

मी फिजिओथेरपिस्ट आहे, एमपीटी (त्यातली मास्टर्स पदवी), ठाण्यात प्रॅक्टिस, बायकांच्या तक्रारी जास्त बघते. टेकडीवरून, तुम्ही उठून आलात ते अगदी बरोबर केलंत. "जाळं तोडतो" म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. जुन्या पट्ट्या ताकदीने दाबून तुटत असत्या तर त्याबरोबर आतडंही फाटलं असतं.

पुरावा किती आहे ते स्पष्ट सांगते. २०१२ मध्ये अमेरिकेत उंदरांवर एक प्रयोग छापून आला, मुद्दाम आतड्याला ओरखडा करून ऑपरेशननंतरच्या दिवसांत पोटाला हाताने हालचाल दिली तर चिकटणं कमी झालं. चांगला प्रयोग आहे पण ते उंदीर आहेत आणि जखम ताजी आहे, १५ वर्षं जुन्या पट्टीला तो जसाच्या तसा लावता येत नाही. माणसांवरचे जे अभ्यास आहेत त्यातले बरेचसे अमेरिकेत फ्लोरिडामधल्या हाताने उपचार करणाऱ्या एका संस्थेच्या स्वतःच्या लोकांनी, स्वतःच्या पेशंटवर केलेले. त्यात पेशंटना बरं वाटल्याचं दिसतं, पण बाहेरच्या, निष्पक्ष लोकांनी मोठ्या गटावर करून बघेपर्यंत मी त्यावर दावा करणार नाही. फ्रान्सचे ऑस्टिओपॅथ, म्हणजे हाताने उपचार करणारे, ज्याँ-पिएर बराल यांनी अवयवांना हाताने हालचाल द्यायची पद्धत रूढ केली, भारतातही तिचे कोर्स होतात, तिचाही पुरावा अजून कच्चा आहे.

मग मी तरी का करते? कारण दुखणं नुसतं त्या पट्टीत राहत नाही. वर्षानुवर्षं आतून दुखत राहिलं की वरचे पोटाचे स्नायू कडक होतात, श्वासाचा पडदा नीट खाली उतरत नाही, मांडीच्या सांध्यापुढचा खोल स्नायू आखडतो, ओटीपोटाचे स्नायू घट्ट, शौचाला त्रास, टाक्याची जागा हात लावू देत नाही. आणि मज्जासंस्था इतकी संवेदनशील होते की साधं गॅसने आतडं फुगलं तरी ते तीव्र दुखणं म्हणून जाणवतं. या सगळ्यावर हाताने आणि व्यायामाने काम करता येतं, आणि एकूण दुखण्यातला बराच मोठा वाटा बऱ्याच वेळा यांचाच असतो. पट्टी आहे तिथेच राहते, बाई मात्र उभी राहून स्वयंपाक करू लागते. मी पेशंटला पहिल्याच दिवशी हे सांगते, ऐकून काही जणी निघून जातात, चालेल.

मी साधारण काय करते: आधी पूर्ण हकीकत, ऑपरेशनचे कागद, सर्जनशी बोलणं. मग श्वास, निळाईंनी लिहिलाय तसाच. टाक्यावर आधी नुसता हात ठेवणं, मग मऊ कापड फिरवणं, मग त्वचा इकडेतिकडे सरकवणं, खोल दाब नाहीच. फासळ्या, पाठ, मांडीचा सांधा मोकळा करणं. ओटीपोटाचे स्नायू सैल सोडायला शिकवणं, किगेल (ओटीपोटाचे स्नायू आवळायचा व्यायाम) सगळ्यांना नको, घट्ट असलेल्याला अजून घट्ट कशाला करायचं. बद्धकोष्ठ असेल तर घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पोट चोळणं, कमोड असेल तर पायाखाली पाट. आणि चालणं, रोज, थोडं, ठरवून, बरं वाटलं म्हणून एका दिवशी दुप्पट करायचं नाही आणि दुखलं म्हणून पूर्ण झोपून राहायचं नाही.

कधी हात लावत नाही: उलट्या होत असतील, पोट फुगून टणक झालं असेल, वारा सरत नसेल, ताप असेल, ऑपरेशनची जखम ताजी असेल, पोटात सक्रिय टीबी किंवा कॅन्सर, गरोदरपण, रक्त पातळ व्हायच्या गोळ्या, हर्निया. टेकडीवरून, तुमच्या मिसेसच्या हर्नियाला जाळी बसवलीय का आणि ती नेमकी कुठे, हे कळल्याशिवाय कुणालाही पोटावर काम करू देऊ नका.

खारं_वारं

रत्नागिरीहून. माझ्या पोटात टीबीमुळे चिकटलंय, ऑपरेशन नाहीच झालेलं. आतड्याचा टीबी झाला, औषधांचा पूर्ण कोर्स केला, टीबी गेला पण आतडी आत गोळा होऊन बसलीत असं डॉक्टर म्हणाले. वरचं सगळं वाचून लिहावंसं वाटलं कारण आपल्याकडे हे कारण खूप आहे आणि ऑपरेशन नाही झालं म्हणून कुणी तिकडे बघतच नाही.

मला दोन वेळा आतडं अडकून ॲडमिट व्हावं लागलंय. नाकातून नळी, सलाईन, तोंडाने काही नाही, त्यावरच सुटलं, पोट उघडायची वेळ आली नाही. म्हणून कळकळीने सांगतो, उलटी आणि पोट फुगणं आणि वारा बंद हे तिन्ही एकत्र आलं की ओवा-हिंग, शेक, चोळणं यात रात्र घालवू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा. त्या अवस्थेत जुलाबाचं औषध तर मुळीच नको.

खाण्याचं माझं असं: थोडं थोडं, जास्त वेळा, खूप चावून. फणस, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याचं कणीस, संत्र्याच्या फोडीचं साल, कच्चा कोबी हे माझ्या आतड्यात अडतं असा अनुभव आहे. आमच्याकडे फणस न खाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल, पण सोडला. मऊ भात, मुगाची आमटी, ताक, शिजवलेल्या भाज्या, पिकलेलं केळं चालतं. प्रत्येकाचं वेगळं असतं, आणि ज्यांना अडकायचा त्रास नाही त्यांनी उगाच चोथा बंद करून बद्धकोष्ठ ओढवून घेऊ नये, हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलंय.

आजीचा_बटवा

आमच्या गावात एक बाई आहेत त्या बेंबी सरकलेली बसवतात, पोटावर तेल लावून चांगलं खोल चोळून पोट जागेवर आणतात. माझ्या वहिनीला दोन वेळात आराम पडला होता. ऑपरेशन नको असेल तर एकदा दाखवायला काय हरकत आहे? जुन्या लोकांना काही कळत नव्हतं असं नाही ना.

सुईदोरा

हरकत आहे, आणि मोठी आहे. वहिनींना आराम पडला याचा आनंद आहे, त्यांना कदाचित वायू किंवा स्नायूचं दुखणं असेल. पण जिचं आतडं जुन्या टाक्याला चिकटलंय तिचं पोट खोल चोळलं आणि त्याच वेळी आतडं अडकत असेल तर काय होईल याची कल्पना करवत नाही. ऑपरेशन झालेल्या पोटावर बेंबी बसवणं, पोटावर पाय देणं, वाटी किंवा तांब्या लावून ओढणं यातलं काहीही करू नका. हलक्या हाताने तेल लावायला माझी काहीच ना नाही, पोटाला ऊब बरीच वाटते.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातली, बायकांच्या आरोग्यावर गावपातळीवर काम करते. हा धागा मैत्रिणीने पाठवला.

आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं २०१९ ला सगळीकडे गाजलं, सरकारने समिती नेमली, ८२ हजारांवर बायकांची पाहणी झाली त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली, कित्येक तर पस्तिशीच्या आतल्या. बातम्या आल्या आणि गेल्या. पण त्या बायकांचं पोट आजही दुखतंय, ते कुणी विचारत नाही. पिशवी काढली म्हणजे दुखणं जाईल असं सांगितलं होतं, आता दुखणं आहेच, वर कंबर गेली, आणि डोक्यावर उसाची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं आहेच. त्यांच्या पोटात चिकटलंय का दुसरं काही आहे हे कोण बघणार? सोनोग्राफी नॉर्मल म्हणून घरी पाठवतात. मी वर वाचलं की सोनोग्राफीत दिसतच नाही, तर एवढी एक गोष्ट तरी त्यांना सांगता येईल की तुम्ही खोटं बोलत नाही.

पण हातगुण ताई, मला सांगा, फिजिओ आमच्या तालुक्याला बायकांच्या पोटासाठी नाहीच आणि असला तरी रोजंदारी बुडवून कोण जाणार. घरी, फडावर, खोपीत करता येईल असं काही आहे का?

हातगुण

बालाघाट ताई, तुम्ही लिहिलंत त्यासाठी खरंच आभारी आहे. हा प्रश्न आमच्या शहरातल्या क्लिनिकमध्ये कधी येतच नाही.

करता येईल असं आहे. एक, श्वास, रात्री पाठ टेकताना आणि सकाळी उठायच्या आधी, काही लागत नाही त्याला. दोन, मोळी उचलताना श्वास रोखून पोट फुगवायचं नाही, उचलतानाच फू करून श्वास सोडायचा, गुडघ्यातून उठायचं, मोळी अंगाशी धरून. वजन कमी करता आलं तर सोन्याहून पिवळं पण ते बायकांच्या हातात नसतं हे मला माहितीय. तीन, जखम पूर्ण भरलेली असेल तर टाक्यावर रोज आंघोळीच्या वेळी हलक्या हाताने त्वचा सरकवणं. चार, चवड्यावर बसून शौच त्यांचं असतंच, फक्त कुंथू नका म्हणावं आणि पाणी, फडावर बायका लघवीला जायची सोय नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, त्याने बद्धकोष्ठ आणि बद्धकोष्ठाने हे दुखणं वाढतं. पाच, धोक्याची लक्षणं खारं_वारंनी लिहिलीत ती प्रत्येकीला पाठ करून द्या.

मी या सगळ्याचं साध्या भाषेत रेकॉर्डिंग करून देते, वाचता न येणाऱ्यांनाही ऐकता येईल. निरोप पाठवते तुम्हाला.

कालव्याकाठी

आइंडहोवनहून लिहितोय. सुईदोरांनी सांगितलेला अभ्यास इथलाच, म्हणून थोडी भर. इथे नाइमेखनच्या विद्यापीठ हॉस्पिटलमध्ये हलत्या चित्रांचा एमआरआय करतात, सिने-एमआरआय म्हणतात त्याला, पेशंटला पोट आत-बाहेर करायला लावून आतडी एकमेकांवरून सरकतात की कुठे अडून एकत्र हलतात ते बघतात. माझ्या बायकोचा तिथे झाला. मग ती चित्रं समोर ठेवून ऑपरेशनचा फायदा होण्याची शक्यता किती, धोका किती, यावर बसून चर्चा. तिचं आतडं बऱ्याच ठिकाणी पसरून चिकटलेलं दिसलं म्हणून तिने ऑपरेशन नको ठरवलं. तिला जे सगळ्यात जास्त उपयोगी पडलं ते म्हणजे चित्रात दिसलं, कुणीतरी दाखवलं. त्यानंतर फिजिओ आणि दुखण्याचं समुपदेशन दोन्ही सुरू आहे. दुखणं आहे, पण नोकरीवर परत गेली. भारतात हा एमआरआय कुठे होत असेल तर कुणी लिहा, मलाही माझ्या मावशीसाठी हवंय.

टेकडीवरून

हातगुण, आभार. मिसेसचे जुने कागद काढले, हर्नियाला जाळी बसवलीय. एक विचारायचं राहिलं, तिचं दुखणं अगदी एका बोटाने दाखवता येतं, टाक्याच्या टोकाशी, नाण्याएवढी जागा. बसल्यावरून उठताना जास्त. जेवणाशी काही संबंध नाही.

सुईदोरा

हे तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. एका बोटाने दाखवता येणारं, उठताना वाढणारं, जेवणाशी संबंध नसलेलं दुखणं हे बऱ्याचदा आतड्याचं नसतंच, पोटाच्या भिंतीचं असतं. टाक्यात किंवा स्नायूतून बाहेर येताना एखादी बारीक नस अडकते. तपासायची पद्धत अगदी सोपी आहे, फिलाडेल्फियाच्या कार्नेट नावाच्या सर्जनने १९२६ मध्येच लिहून ठेवलीय. पेशंटला उताणं झोपवून दुखऱ्या जागी बोट ठेवायचं आणि हात छातीवर घेऊन डोकं-खांदे वर उचलायला सांगायचं. पोट कडक झाल्यावर दुखणं वाढलं किंवा तसंच राहिलं तर भिंतीचा संशय, कमी झालं तर आतल्या अवयवाचा. भिंतीचं निघालं तर त्या जागी भुलीचं इंजेक्शन देऊन बघतात, काही मिनिटांत दुखणं गेलं तर निदान पक्कं होतं आणि कित्येकांचा उपचारही त्यातच होतो. तुमच्या सर्जनकडून किंवा पेन क्लिनिकमधून हे करून घ्या. जाळीच्या दुखण्याचीही शक्यता आहे, तेही तेच बघतील. मी समोर तपासलेलं नाही तेव्हा हे नुसतं दिशादर्शक समजा.

निळाई

आसनांबद्दल कुणीच लिहिलं नाही. मला पवनमुक्तासन आणि गुडघे बाजूला सोडून झोपणं चालतं, भुजंगासनाने मात्र दोन दिवस काढावे लागले. कपालभातीचं काय?

हातगुण

कपालभाती, नौली, उड्डियान हे जोराचे प्रकार दुखणं तीव्र असताना नकोच. पोट ताणणारी आसनं वर्ज्य नाहीत पण शेवटी, आणि थोड्या अंशापासून सुरुवात, पोटावर नुसतं पालथं झोपता येतंय का इथून. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं नेहमीच्या पातळीला आलं तर तेवढं झेपलं समजा, नाही आलं तर निम्मं करा.

कृष्णाकाठ

मंडळी, बऱ्याच महिन्यांनी परत येतेय, धाग्यावर कुणी येऊन विचारतंय का बघत होते. सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले, सुईदोरांचा तर प्रिंट काढून दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला, त्यांनीही मान्य केलं.

मिरजेत एक फिजिओ बाई मिळाल्या, आधी महाराष्ट्राच्या भौतिकोपचार परिषदेची नोंदणी विचारली, त्यांनी न चिडता दाखवली, आणि "तोडणार" वगैरे शब्द काढला नाही त्यावरूनच मी थांबले.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. सुरुवातीचे काही आठवडे काहीच फरक नव्हता, उलट टाक्याला हात लावू द्यायला लागले तेव्हा रात्री दुखणं वाढायचं आणि रडू यायचं, का ते मलाही नीट सांगता येणार नाही, त्या जागेला मी स्वतःसुद्धा इतक्या वर्षांत नीट हात लावला नव्हता. बाई म्हणाल्या होऊ दे, घाई नाही. मग झोप सुधारली आधी. मग लक्षात आलं की वरच्या फडताळातला डबा काढताना ती खेच येते पण कमी येते आणि लगेच जाते, पूर्वी त्या एका खेचीने अख्खा दिवस जायचा. आता भाकरी उभ्याने थापते, मुलीच्या शाळेच्या कार्यक्रमाला पूर्ण वेळ बसले. कोल्हापूरला एसटीने जाऊन आले, त्या रात्री दुखलं, दुसऱ्या दिवशी उतरलं. डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिनची अगदी छोटी गोळी चालू केलीय, दुखण्याची संवेदना कमी व्हावी म्हणून, तिचाही वाटा आहेच, सगळं श्रेय फिजिओला देणं बरोबर होणार नाही.

आणि मध्ये एकदा उलट्या झाल्या, पोट फुगलं. त्या दिवशी फिजिओची वेळ होती. बाईंनी फोनवरच सांगितलं, इकडे येऊ नका, हॉस्पिटलला जा. खारं_वारं, तुमचं लिहिलेलं डोक्यात पक्कं होतं, संध्याकाळपर्यंत वाट बघितली नाही. नळी, सलाईन, सुटलं. तेव्हा आतलं चिकटलेलं तसंच आहे हे मला पक्कं माहितीय. पाळीच्या आधीचे दिवस अजून वाईट जातात. दुसऱ्या दुर्बिणीला सध्या नाही म्हणून सांगितलंय, आतडं कायमचं अडायला लागलं तर बघू असं डॉक्टरांशी ठरलंय.

ज्या कुणी हे वाचत असतील आणि फिजिओचा विचार करत असतील त्यांनी जरूर करा असं मी म्हणेन, फक्त दुखणं शून्य व्हावं म्हणून जाऊ नका, काय काय परत करायचंय त्याची यादी घेऊन जा. माझ्या बाईंनी पहिल्या दिवशी तीच लिहून घेतली होती.

टेकडीवरून

खूप बरं वाटलं ताई. आमच्याकडे इंजेक्शननंतर मिसेसचं दुखणं बरंच उतरलंय, नसच निघाली. वर्षानुवर्षं आतडं चिकटलंय म्हणून औषधं चालू होती. सुईदोरा, तुमचे उपकार मानावे तेवढे थोडे.

बालाघाट

हातगुण ताईंचं रेकॉर्डिंग आमच्या सात-आठ गावांत फिरतंय. टोळ्या कारखान्यावर जायच्या आधी बायकांना एकत्र बसवून ऐकवलं. श्वासाचं बायकांना पटकन जमतं, टाक्याला हात लावायला लाजतात. एक मागणी आहे, उलट्या आणि पोट फुगण्याचा भाग वेगळा, छोटा करून द्याल का? पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात फडावर गेल्यावर मुकादमालाही ऐकवता येईल असा, म्हणजे रात्री-अपरात्री गाडी काढायला तो नाही म्हणणार नाही.

हातगुण

आज रात्रीच करते. मुकादमासाठी वेगळं बोलते त्यात, आणि कर्नाटकातल्या फडांसाठी कानडीतही करून घेते, माझी एक विद्यार्थिनी बेळगावची आहे.